मानाचं शरबत

यवतमाळ,
२३ जून १९६२

जनाब निजामुद्दीन खालू यांस नेरच्या युनूसचा सलाम.

कमरुन्निसा हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील हे धरूनच मराठीत लिहितो आहे. माझं उर्दू अक्षर तुम्ही एकदा पाहिलं होतं आणि "मुंगी शाईत पडून घरी पळाली" असं म्हणाला होतात, ते मी विसरलेलो नाही.

फुलसावंगीची बातमी काल कचेरीत आली. मोहरमच्या दहावीला तुमचं शरबत गाव प्यालं, दुसऱ्या दिवसापासून लोकांना हगवण आणि ओकाऱ्या लागल्या, नानाजी पाटलांच्या आई तानाबाई अजून अंथरुणावर आहेत. आणि गाव म्हणतो, पिंजाऱ्याच्या घरचं शरबत आता बंद. तुमच्या आजोबांपासून चालत आलेलं शरबत! पाटलांचा गूळ, पाटलांच्याच मळ्यातल्या विहिरीचं पाणी, हात तुमच्या घरचे, आणि पिणारा अख्खा गाव. ते बंद करणारे हे कोण?

प्रोफेसरशी भांडून मी कॉलेज सोडलं हे सगळ्यांना ठाऊक आहेच. तेव्हापासून मी इथे आरोग्य खात्यात हंगामी कारकून आहे. साथ आली की गावात काय विचारायचं, ते आमचे डॉक्टरसाहेब आता एका ठरलेल्या प्रश्नावलीत बसवत आहेत. आजवर ज्याला जे सुचेल ते तो विचारायचा. फुलसावंगीची तपासणी मी मागून घेतली आहे. शरबत निर्दोष आहे हे सिद्ध करूनच परत येईन.

कमर, इथे तुला खोकला येऊ दे आणि पुढच्या ओळी मनातच वाच. दोन वर्षं झाली, तुमच्या अंगणातला पिंजणीचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. कापसाचा धुरळा उडायचा आणि तू त्यातून चहा घेऊन यायचीस, केसांवर रुई. यवतमाळात पाऊस पडो की ऊन, मला तीच रुई दिसते. बाकी मी ठीक.

आपला,
युनूस

*

फुलसावंगी, तालुका पुसद,
२७ जून १९६२

युनूस मियाँ यांस,

अब्बा सांगतात, मी लिहिते.

"बेटा, तू आमची वकिली करू नको. वकील चोराले लागते. तुले जे विचारायचं ते विचार अन् जे निघन ते लिही. माह्या हातात खोट असन तर ते मले सगळ्यायच्या आधी समजलं पाह्यजे."

इथपर्यंत अब्बांचं. ते नमाजाला गेले, आता माझं.

तुमच्या त्या ओळी आल्या तेव्हा मी खोकले. अब्बांनी अडुळशाचा काढा उकळायला लावला आणि समोर बसून प्यायला लावला. पुन्हा लिहायचं झालं तर थोडक्यात लिहा.

इथलं सांगते. तुमच्या खात्याचे दोन साहेब येऊन गेले. नेमसिंग साहेबांनी प्रत्येक आजाऱ्याला विचारलं, "शरबत पेला का?" सगळे हो म्हणाले, त्यांनी 'शरबत' लिहिलं. दोन दिवसांनी भीमराज साहेब आले. त्यांनी विचारलं, "पाणी कोण्या विहिरीचं?" सगळ्यांनी पाटलांची विहीर सांगितली, त्यांनी 'विहीर' लिहिलं. आता नानाजी पाटील म्हणतात, पिंजाऱ्यानं माझ्या विहिरीचं नाव खराब केलं. अब्बा म्हणतात, पाटलानं माझ्या शरबताचं केलं. तीस वर्षं एका ओट्यावर बसून पान खाणारी ही दोन माणसं, आता एकमेकांना पाहिलं की गल्ली बदलतात. तुमच्या कागदानं एवढं जरी नीट केलं तरी मी मानीन. केसांवर रुई सगळ्याच पिंजाऱ्यांच्या मुलींच्या असते.

कमरुन्निसा

*

यवतमाळ,
५ जुलै १९६२

जनाब खालू यांस सलाम.

मी फुलसावंगीला येऊन गेलो ते तुम्हाला कळलंच असेल. घाईत होतो, म्हणून घरी येणं झालं नाही. घरोघर फिरलो, कागदांचा गठ्ठा भरला आणि छाती काढून डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चारदोन कागद चाळले आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "हे सगळं रद्द."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, का?

"तुम्ही विचारलं काय, ते सांगा."

मी सांगितलं. "शरबतानं तर काही झालं नाही ना, काका?"

"आणि काका काय म्हणाले?"

काका म्हणाले होते, "तू म्हणशीन तसं लिहून टाक, बाबू." ते मी साहेबांना सांगितलं नाही, पण त्यांना चेहऱ्यावर दिसलं असावं.

मग ते म्हणाले, "शिवाय विचारलं फक्त आजाऱ्यांना. अहो, त्या दिवशी सगळ्याच आजाऱ्यांनी सकाळी तोंड धुतलं होतं. मग तोंड धुण्यानं साथ आली असं लिहू? जे आजारी पडले नाहीत त्यांनाही तेच विचारा. त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. जिथे दोघांच्या उत्तरात फरक पडेल तिथे चोर. नेमसिंग, भीमराज आणि तुम्ही तिघे तीन तराजू घेऊन बाजारात गेलात."

मी तिथेच राजीनामा लिहिला. ते म्हणाले, राजीनाम्याचाही ठरलेला नमुना असतो, तो सध्या संपला आहे. नेमसिंग खो खो हसला. मग मलाही हसू आलं.

त्यानंतर आम्ही चौघं चार दिवस त्या प्रश्नावलीवर भांडलो. पहिल्या मसुद्यात 'अतिसार' होतं. बाजारात बसणाऱ्या एका भाजीवालीवर वाचून पाहिलं, तर ती म्हणाली, "ते आमच्याकडं नाही पिकत, बाप्पा." आता 'पातळ हगवण' आहे. शरबताचं नाव आधी घ्यायचं नाही. आधी त्या दिवशी काय काय खाल्लं-प्यालं ते माणसाला सांगू द्यायचं, आणि मग एकेका पदार्थाचं विचारायचं. विचारणाऱ्यानं आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. माझ्यासारख्याला हे म्हणजे तोंडाला कुलूप. पण मानावं लागतं खालू, बात खरी आहे.

येत्या आठवड्यात पुन्हा येतो.

(कमर, थोडक्यात: तुमच्या गल्लीतून गेलो. दार अर्धं उघडं होतं.)

युनूस

*

फुलसावंगी,
८ जुलै १९६२

युनूस मियाँ यांस,

यात अब्बांचा एकही शब्द नाही. पिंजणीचं धनुष्य त्यांनी उतरवून खुंटीला टांगलं आहे.

दार अर्धं उघडं होतं, हे तुम्हाला दिसलं. त्या दारामागं अब्बा धुतलेला सदरा घालून, तुमच्यासाठी नवी गादी पसरून बसले होते, हे दिसलं नाही? तुम्ही डावीकडच्या घरी विचारलंत, उजवीकडच्या घरी विचारलंत, आणि आमच्या दारावरून खाली मान घालून गेलात. घाई होती म्हणे! वेशीपाशी केळं खायला मात्र वेळ होता. शेजारच्या सुग्राबीच्या पोरानं पाहिलं.

आता गाव काय म्हणतो ऐका. "होणारा जावई आहे, तो काय सासऱ्याले विचारन?" एवढे दिवस लोक शरबताला नावं ठेवत होते. आता आमच्या इमानाला ठेवतात. शरबताचा आरोप अब्बांनी सोसला होता. तुमची मेहरबानी त्यांना सोसत नाही.

तुमचे डॉक्टरसाहेब शहाणे दिसतात. ते म्हणतात, सगळ्यांना तेच प्रश्न. आम्ही सगळ्यांत नाही का? आलात तर आधी आमच्या दारी या. भर दिवसा, गल्ली बघत असताना, त्याच शब्दांत विचारा. नाही तर येऊच नका.

कमरुन्निसा

*

यवतमाळ,
१७ जुलै १९६२

जनाब खालू यांस सलाम.

तुमच्या ओट्यावर परवा जे झालं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गल्ली सगळी जमलेली.

"नाव?"

"तुले मालूम नाही?"

"विचारावं लागते, खालू."

"मंग असं बोल ना! लिही. निजामुद्दीन वल्द इमामुद्दीन, पिंजारी. मोठ्यानं विचार, मांगच्यायले आयकू नाही येऊन राह्यलं."

शेवटच्या प्रश्नापर्यंत तुम्ही ताठ बसून उत्तरं दिलीत. पडद्यामागून कमरुन्निसाचीही घेतली. वय विचारलं तर ती म्हणाली, "एकोणीस. कागदावर प्रश्न आहे म्हणून विचारता, की तुम्हालाच पाहिजे?" गल्ली हसली, माझी शाई सांडली. तो डाग कागदावर आहे. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हा कसला. मी म्हटलं, शाईचा.

आता निकाल. माझ्यानं लिहवत नाही, पण लिहितो. विहिरीचं पाणी आजारी आणि बरे दोघेही सारखेच पितात, म्हणजे विहीर सुटली. जे शरबत प्यालेच नाहीत, त्या शेतावर गेलेल्यांपैकी कोणालाच काही झालं नाही. म्हणजे बोट शरबताकडे जातं, खालू. पण बायकाही शरबत प्याल्या, लेकरंही प्याली, आणि ती सगळी ठणठणीत! पडले ते पुरुष. आणि पाटलांच्या घरी मात्र बायकाही पडल्या, तानाबाई सगळ्यांत जास्त. एकच शरबत पुरुषांना धरतं, बायकांना सोडतं, आणि पाटलाच्या वाड्यात गेलं की कोणालाच सोडत नाही? आमच्या चौघांच्या अकला इथे थांबल्या आहेत.

मला वाटलं होतं, 'कारण समजले नाही' असं लिहून टाकावं आणि तुम्हाला सोडवावं. हात तिथवर गेला होता. मग तुमचं "मोठ्यानं विचार" आठवलं.

एक गोष्ट तुम्हाला बरी वाटेल म्हणून कळवतो. आजाऱ्यांत पडलेला धर्मपाल सुद्धा म्हणाला, "दुखलं ते दुखलं, पण असं गारेगार शरबत जल्मात पेलो नोतो."

युनूस

*

फुलसावंगी,
२२ जुलै १९६२

युनूस मियाँ यांस,

तुमचं पत्र मी अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. 'गारेगार' या शब्दापाशी मी थांबले. खोकला नव्हता. अब्बांनी विचारलं, "काय झालं? वाच ना."

मी म्हटलं, "अब्बा, आमचं शरबत गार नव्हतं."

त्यांना कळलं नाही. मग मी एकेक सांगत गेले. तुम्हालाही सांगते.

यंदा ऊन फार होतं, म्हणून अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ मागवला होता. आजोबांनी गाव पाजला, मी गाव गार करीन, असं म्हणत होते. बर्फ सकाळच्या बसनं यायचा, आला दुपारच्या बसनं. बायका-लेकरांची शरबताची देग सकाळीच काढली होती, ती आम्ही तशीच प्यालो. पुरुषांची देग दुपारची, तिच्यात बर्फ पडला. आणि पाटलांच्या घरी जाते ती मानाची कळशी. तिच्यात अब्बांनी सगळ्यांत मोठा खडा स्वतःच्या हातानं सोडला. तानाबाईंना तर वरचा खडा वाटीत काढून दिला होता, चघळायला. ज्याला मान जास्त, त्याला बर्फ जास्त.

तुमच्या कागदावर खाणं आहे, पाणी आहे. बर्फ कुठंच नाही. आमच्या गावात बर्फाला कोणी पाणी समजत नाही. तो मशीनचा, तो साफ. म्हणून कोणी सांगितला नाही, मीही नाही.

मी विचारलं, "अब्बा, बर्फाला लागलेला लाकडाचा भुसा कुठं धुतला?"

ते म्हणाले, "बस नाल्यापाशी थांबली. मीच खांद्यावर घेतला होता. भुसा लागला होता, गावाले असा कसा पाजू? डोहात चांगला घोळून घोळून धुतला." त्या नाल्याकाठी गाव सकाळी कशाला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला वाटलं आता ते संतापतील. मी म्हटलंसुद्धा, "अब्बा, हे आपल्या दोघांतच आहे. कोणी विचारलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. म्हणाले, "बेटी, मी पिंजारी आहो. गादीत कचरा ठेवून वरून खोळ शिवत नाही. लिही त्याले."

आणि मला लिहायला बसवून ते उठले, सदरा बदलला आणि सरळ पाटलांच्या घरी गेले. मी मागोमाग गेले, दारात थांबले. नानाजी पाटील उठून आत जायला निघाले होते. अब्बा अंगणातच उभे राहून म्हणाले, "नानाजी, तुमची विहीर साफ आहे. शरबतातला बर्फ मी नाल्यात धुतला. दोष माहा आहे. बसा म्हणा की जा म्हणा."

पाटील उंबऱ्यातच थांबले. आतून तानाबाईंचा बारीक आवाज आला, "बसव त्याले नाना, उभा काहून ठेवला? अन् निजामुद्दीन, मान द्यायचा तं दे बापा, पण पुढच्या खेपी जरा कमी दे. एवढा मान मले नाही पचत."

नानाजी आधी हसले. मग अब्बा. मग दोघंही रडले, ते मी पाहिलं नाही असं समजा. पान आलं. ओटा पुन्हा भरला आहे.

हे सगळं कागदावर घाला. नाव लपवू नका.

कमरुन्निसा

*

यवतमाळ,
९ ऑगस्ट १९६२

जनाब खालू यांस, आणि वाचून दाखवणारीसही, सलाम.

तुमचं पत्र मी डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते उभ्यानंच वाचू लागले, मग बसले. दुसऱ्या दिवशी नेमसिंग, भीमराज आणि मी पुन्हा फुलसावंगीत, हे तुम्ही पाहिलंच. तिघांच्या हातात एकच प्रश्न, तिघांच्या तोंडी तेच शब्द. तिघांचे कागद एकावर एक ठेवले आणि पहिल्यांदाच ते एकमेकांत बसले. बर्फाचं प्यालेले बहुतेक पडले, बिनबर्फाचं प्यालेले उभे. शंकेला जागा उरली नाही.

आता ऐका. प्रश्नावली पक्की झाली. यवतमाळ जिल्ह्यात जिथे जिथे साथ येईल, वणीला येवो की केळापूरला, विचारणारा कोणीही असो, हाच कागद घेऊन जाईल. त्यातला अकरावा प्रश्न असा आहे:

'पेयात बर्फ होता काय? असल्यास, तो कोठून आणला व कोणत्या पाण्याने धुतला?'

हा प्रश्न कोणा डॉक्टरचा नाही, कोणा कारकुनाचा नाही. तो फुलसावंगीच्या कमरुन्निसा निजामुद्दीन यांनी त्यांच्या बापाला विचारला, आणि बापानं खरं उत्तर दिलं. छापील कागदावर कोणाचं नाव नसतं, माझ्यासारख्या तापट माणसाला याचा राग यायला हवा होता. पण सायक्लोस्टाइलच्या यंत्रातून ते कागद ओले ओले बाहेर पडत होते तेव्हा मी एकेक उचलून अकरावा प्रश्न वाचत होतो. शेवटी भीमराज म्हणाला, "अबे, सगळ्यायवर सारखाच आहे!" म्हटलं, तेच तर पाहून राह्यलो.

डॉक्टरसाहेबांनी तुमच्यासाठी पाणी साफ करायच्या पांढऱ्या भुकटीची पुडी दिली आहे. देगेच्या पाण्यात किती टाकायची ते नेमसिंग दाखवील. शरबत बंद करू नका, असा त्यांचा निरोप आहे.

आणि खालू, एक अर्ज माझाही आहे. तो कशाचा, ते तुम्हाला आणि सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अम्मीनं नेरहून तुम्हाला वेगळं लिहिलंच आहे.

युनूस

*

फुलसावंगी,
११ जून १९६३

युनूस बेटा,

अब्बा सांगतात, मी लिहिते. एक शब्द गाळायचा नाही, अशी कसम घातली आहे.

"शरबत झालं. पहिली कळशी तानाबाईच्या घरी. नानाजीनं भर चौकात पेला उचलला अन् म्हटलं, 'हे शरबत मी पेतो, कारण ह्या माणसानं आपलं चुकलं ते आपल्या तोंडानं सांगतलं.' मंग अख्खं गाव आलं. देग खरडून काढा लागली. बर्फ नोता. कोणाचं पोट दुखलं नाही. नेमसिंगनं दुसऱ्या दिवशी घरोघर विचारलं, बऱ्यायलेही.

"तुह्या अर्जाले वर्स होत आलं. मी चूप होतो, कारण माही तपासणी चालू होती. या वर्सात तीन ठिकाणावरून पत्रं आले, पुसद, उमरखेड, नांदेड. सगळे पोरीनंच वाचून दाखवले. एकाही पत्रानं तिले खोकला आला नाही. तुहं पत्र आलं की येते. हवा तीच, पाणी तेच, घर तेच. मी अडाणी आहो, पण फरक कुठं पडला ते मले समजते.

"तरी सूट नाही. त्या तिघायले जे विचारलं तेच तुले विचारतो, त्याच शब्दात. एक, कमाई कशाची? दोन, घरात कोण कोण? तीन, शिक्षण किती, अन् सोडलं तं काहून? चार, राग आला तं काय करता? खरं लिही. मी पिंजून पाहीन."

इथपर्यंत अब्बांचं. माझं काही नाही. ते समोरच बसले आहेत.

कमरुन्निसा

*

यवतमाळ,
१३ जून १९६३

जनाब खालू यांस सलाम.

एक. आरोग्य खात्याची नोकरी. गेल्या महिन्यापासून कायम.

दोन. अम्मी जैबुनबी, आणि मी.

तीन. इंटरपर्यंत. प्रोफेसरशी भांडण झालंच नव्हतं, ते बिचारे फार भले होते. परीक्षेच्या दिवशी सकाळी कोणीतरी सांगितलं, फुलसावंगीला हैदराबादचे पाहुणे मुलगी बघायला येत आहेत. मी पेपर टाकून बस धरली. तुमच्या दारी पोहोचलो तर पाहुणे गाद्या बघत होते. सहा घेऊन गेले. मी चहा पिऊन परत आलो, तोवर परीक्षा संपली होती. पुन्हा तशी बातमी आली तर पुन्हा बस धरीन.

चार. आधी राजीनामा लिहितो. मग नमुना शोधतो. तो अजून सापडलेला नाही.

कमर, हे सगळं मोठ्यानं वाच. खोकू नकोस.

युनूस